सामंतच्या हातातली कादंबरी

आसनगावहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात आमची पाच जणींची जागा ठरलेली आहे. मी ऐरोलीला कोड लिहायला जाते, एक कल्याणला बँकेत, एक ठाण्याला दवाखान्यात रिसेप्शनवर, उरलेल्या दोघी आणखी पुढे. मागच्या पावसाळ्यात आम्ही पाचही जणी मोबाइलवर एकच कादंबरी वाचत होतो. रोज रात्री एक भाग यायचा आणि सकाळी वाशिंद येईपर्यंत त्याचा निकाल लागायचा.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, नाव काहीही असू दे. ती साधी नोकरी करणारी, तो कंपनीच्या मालकाचा मुलगा. प्रेम होतं, गैरसमज होतो, ती त्याला न सांगता मुंबई सोडते. पोटात त्याचं मूल असतं. पाच वर्षांनी दोघं समोरासमोर येतात तेव्हा तिच्या बोटाला धरून एक मुलगा उभा असतो आणि त्याच्या गालावर अगदी बापासारखी खळी असते. (या प्रकारच्या कादंबऱ्यांमध्ये डीएनए टेस्टचं काम खळीच करते.) इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत याला 'सिक्रेट बेबी' म्हणतात, आणि त्याची कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत.

आमच्या डब्यात दोन पक्ष पडले. बँकवालीचं म्हणणं, तिने त्याला सांगायला हवं होतं, बापाचाही काही हक्क असतो. रिसेप्शनवाली म्हणाली, कशाला सांगायचं, त्याच्या आईने तिला घराबाहेर काढलं तेव्हा हा कुठे होता? मी, खरं सांगते, हिरोच्या बाजूने होते. खळीमुळे असेल. मग टिटवाळ्याच्या आसपास काकू बोलल्या. काकू आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या, माहेर मुरबाडकडचं. म्हणाल्या, "अगं, तिला जायला जागा होती म्हणून तिने लपवलं. पुण्यात नोकरी, पुण्यात फ्लॅट. आमच्या गावातली असती तर कुठे गेली असती?"

यावर कुणीच काही बोललं नाही. कल्याण आलं आणि गर्दी आत घुसली.

मला मात्र तो प्रश्न सुटला नाही. कोडमध्ये काही खटकलं की ती ओळ पहिल्यांदा कुणी आणि कधी लिहिली ते मागे मागे जात शोधायची आम्हाला सवय असते. मी ह्या गोष्टीचं तसं करून पाहिलं. लपवलेल्या गरोदरपणाची गोष्ट मराठीत कुणी लिहिली यापेक्षा ती कुणी कशी वाचली, यात मला जास्त रस होता. शोधता शोधता एक असा वाचक सापडला की तो स्वतःच एका नाटकातलं पात्र आहे. त्याच्याकडे यायला मला शंभर वर्षांचा वळसा घ्यावा लागला, तुम्हालाही घ्यावा लागेल.

सुरुवात पुण्यात होते. विधवेला पुनर्विवाह करू देणारा कायदा १८५६ चा. पण कायदा झाला म्हणून ब्राह्मण घरांतल्या तरुण विधवांची लग्नं होऊ लागली असं नाही. केशवपन झालेली, स्वयंपाकघरात राबणारी ही बाई गरोदर राहिली तर पुढे तीनच रस्ते: काशी-पंढरपूरसारखं लांबचं गाव, विहीर, किंवा जन्मलेल्या मुलाचा गळा. जोतिराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक विधवा स्वयंपाक करत असे. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. तिने मूल जन्मल्यावर मारलं आणि विहिरीत टाकलं. खटला झाला, काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकिगत फुल्यांनी स्वतः १८८४ मध्ये लिहून ठेवली आहे. भारतीय दंडसंहिता तेव्हा नवीन होती, १८६२ मध्ये लागू झालेली. तिच्यात भ्रूणहत्येची कलमं होती, आणि ३१८ हे एक वेगळं कलमही होतं: मृत बालकाची गुपचूप विल्हेवाट लावून त्याचा जन्म लपवणं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे लपवण्यासाठीही कायद्यात जागा होती. लपवायला भाग पाडणाऱ्यासाठी नव्हती.

१८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि भिंतींवर जाहिराती लावल्या. मजकुराचा अर्थ साधा होता: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. काकूंच्या प्रश्नाचं, 'कुठे गेली असती'चं, मराठी मुलखातलं हे पहिलं लेखी उत्तर असावं असं मला वाटतं. ते कथेत नाही, कादंबरीत नाही, भिंतीवर चिकटवलेलं आहे. फुल्यांच्या नोंदीप्रमाणे १८८४ पर्यंत पस्तीस बायका तिथे आल्या. आणखी एका काशीबाईचा तिथे जन्मलेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या. आमच्या कादंबरीतल्या खळीवाल्या मुलाला शेवटी बापाची कंपनी मिळते. यशवंतला बापाचं नावही ठाऊक असायची गरज पडली नाही.

पंढरपूरला १८७५ मध्ये असंच दुसरं घर निघालं. यात्रेच्या निमित्ताने तिथे आणून सोडलेल्या बायकांचं गाव ते, त्यामुळे गरज उघडीच होती.

आता पहिली वाचक. १८८१ मध्ये सुरतेच्या सेशन कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. वरच्या कोर्टात ती जन्मठेप झाली, पुढे कमी होत होत पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. कुणी दया दाखवली, पण पुण्यातल्या एका पत्राने सगळ्या बायकांच्या चारित्र्यावरच घसरून लिहिलं. बुलढाण्यात ते वाचत बसलेल्या ताराबाई शिंदे यांचा संयम संपला. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' छापलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक स्त्रीवादी ग्रंथ म्हणून अभ्यासक्रमात असतं, त्यामुळे आपण त्याला जरा वचकून असतो. उघडून वाचलंत तर ते एका भडकलेल्या वाचकाचं मत आहे. ताराबाई फक्त बातमीवर बोलत नाहीत. त्या काळी लोकप्रिय असलेल्या 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' या कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक, यांचीही त्या झडती घेतात. पुस्तकांत बायकांबद्दल जे लिहितात आणि घरात बायकांचं जे होतं, त्यांचा ताळमेळ लावून पाहतात. आमची रिसेप्शनवाली नेमकं हेच करत होती: हा कुठे होता? फरक इतकाच की ताराबाईंना त्यासाठी इतक्या शिव्या बसल्या की त्यांचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. मग नव्वद वर्षं शांतता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा उजेडात आणलं.

मधला काळ मी पळवते. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आणि १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' आली. दुसरीत नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि तिला मूल हवं असतं. वाचक खवळले, पण खवळण्यापेक्षाही त्यांना दुसरंच काहीतरी हवं होतं: ही विभावरी शिरूरकर कोण? पुस्तकातली बाई उघड वागत होती, लिहिणारी लपली होती. टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर होत्या. वाचकाला गोष्टीतल्या बाईपेक्षा खऱ्या बाईला पकडण्यात जास्त गोडी वाटते, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच वर्षी मुंबईत आणखी एक खटला चालला. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. समागम, संततिनियमन, गर्भ राहील का अशी भीती, सगळं. या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. कर्वे हरले, दंड झाला, मासिक मात्र १९५३ मध्ये ते जाईपर्यंत चालू राहिलं. वाचकांचं मत कादंबरीवर असलं की त्यात रुबाब असतो. कर्व्यांना लिहिणारे वाचक मात्र कुणाचा न्याय करायला बसलेले नव्हते. त्यांना स्वतःचं उत्तर हवं होतं.

आणि आता सामंत.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' डिसेंबर १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मी ते पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या रात्री, फोनवर वाचलं. कल्पना तेंडुलकरांना कशी सुचली ते त्यांनीच सांगितलं आहे: विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली मंडळी त्यांना वाटेत भेटली, सभागृहाचा रस्ता विचारत. नाटकात ही मंडळी मुंबईहून रेल्वेने एका गावात येतात. रात्री त्यांचा प्रयोग आहे, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दलचा खटला. गाव कोणतं ते मला कधीच प्रश्न पडला नाही. गणपतीत शहरातून नाटकमंडळी यायची तेव्हा आम्हीही असाच हॉल उघडून द्यायचो, पंखा चालतो का बघायचो, चहा सांगायचो. माझ्यासाठी ते गाव वाशिंद आणि आसनगावच्या मधलंच कुठलं तरी आहे.

हॉल उघडून देणारा गावातला माणूस म्हणजे सामंत. बेणारे त्याच्यासोबत सगळ्यांच्या आधी पोचते, दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. सामंतच्या हातात पुतण्यासाठी घेतलेला हिरवा पोपट असतो. आणि त्याच्याजवळ एक कादंबरी असते, प्रणयाची, स्टॉलवर मिळते तसली.

वेळ घालवायला मंडळी लुटुपुटूचा खटला रचतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. न आलेल्या नटाच्या जागी सामंतला साक्षीदार करतात. त्याला बिचाऱ्याला काय बोलायचं कळत नाही. मग तो साक्ष रचतो, आणि रचतो ती त्याच्या कादंबरीतून: आपण प्राध्यापक दामल्यांच्या खोलीवर गेलो, आतून एका बाईचं रडणं ऐकू आलं, ती विचारत होती की अशा अवस्थेत तू मला टाकलंस तर मी जाऊ कुठे. पुरुष हात झटकत होता, अब्रूचं कारण सांगत होता.

बेणारे ओरडते, हे खोटं आहे. सामंत लगेच म्हणतो, हो, खोटंच आहे, पुस्तकातलं आहे! त्याला खरंच वाटतं की एवढ्यावर मिटलं.

मिटत नाही. कारण ते खरं असतं. बेणारे दामल्यांपासून गरोदर आहे. स्टॉलवरच्या कादंबरीने तिचं गुपित शब्दाशब्दाने आधीच छापून ठेवलेलं असतं, कारण या गोष्टीत पुरुषाला बोलायला दुसरी वाक्यंच नसतात. आणि तिथून पुढे सुशिक्षित मंडळी, वकील, शास्त्राचा नापास विद्यार्थी, समाजसेवक, तिच्यावर तुटून पडतात. पर्समधून ढेकणांच्या विषाची, टिक ट्वेंटीची बाटली निघते. कोणाकोणाला तिने लग्नाचं विचारलं ते उघड केलं जातं. दामलेही मंडळाचा नट, पण आज आलेला नाही. सगळ्या खटल्यात त्याच्यावर एक प्रश्नही येत नाही.

पूर्वी हा प्रसंग मला योगायोग वाटायचा, तेंडुलकरांची एक चलाखी. आमच्या डब्यातल्या त्या सकाळीनंतर पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की त्या खोलीत कादंबरी वाचणारा एकटा सामंत आहे आणि बेणारेवर बोट न उगारणाराही तोच. त्याला त्या पुस्तकातल्या बाईची हकिगत ऐकून मजा वाटली असेल, वाईटही वाटलं असेल. पण तिच्यावर खटला चालवावा असं त्याच्या मनात आलेलं नव्हतं. बाकीच्यांना कादंबऱ्यांचा तिटकारा असणार, मात्र पुरावा म्हणून त्यांना ती तत्काळ चालते. स्वस्त कादंबऱ्यांनी वाचक बिघडतात असं आपल्याकडे दीडशे वर्षं म्हटलं जातंय. या नाटकात बिघडलेले सगळे न वाचणारे आहेत.

निकाल ऐका. काशीकर म्हणतो की तू जगशील, पण तुझ्या पोटातला गर्भ नष्ट केला जाईल. भ्रूणहत्येच्या आरोपाला भ्रूणहत्येचीच शिक्षा, हे सगळे समीक्षक सांगतात. त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. १९६७ मध्ये तो निकाल अमलात आणणारा डॉक्टर तुरुंगात गेला असता. गर्भपात कायदेशीर करण्याचा सल्ला देणाऱ्या शांतिलाल शहा समितीचा अहवाल १९६६ मध्ये आलेला होता, पण कायदा १९७१ मध्ये झाला आणि एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे ते कोर्ट बेणारेला सांगत होतं: तुला जे करायची कायद्याने बंदी आहे ते आम्ही तुझ्यावर लादतो. मूल ठेवलंस तर बदनामी, पाडलंस तर गुन्हा, आणि हुकूम मात्र आमचा.

कायदा झाल्यावरही बेणारेला त्यात नीट जागा नव्हती. गर्भनिरोधक फसलं तर गर्भपात करता येईल, पण ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांचं फसलेलं असावं, असे शब्द होते. 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' हे शब्द यायला २०२१ साल उजाडलं. अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची सोय समान आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं. १९६७ मध्ये बेणारे समजा तीस-बत्तीस वर्षांची होती, तर ती तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे असती.

माझी मावशी मुरबाड तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत करायची, गोळ्या द्यायच्या, तपासणीला न्यायचं, हे तिचं काम. तिच्याकडून मला कळलं की गावात गरोदरपण लपवणं म्हणजे काय असतं. "पाणवठ्यावर बायका भांडी मोजत नाहीत," ती म्हणते, "महिने मोजतात." (मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात, हे जाता जाता.) लग्न झालेली बाई उशिरा नोंद करते ती लाजेने किंवा कामाच्या गडबडीने. न झालेली नोंद करतच नाही. वय अठराच्या आत असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, मग ती दवाखान्याच्या वाटेलाच जात नाही. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की अशा मुलीने गर्भपात मागितला तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. मावशीला हे मी सांगितलं. तिने डायरीत लिहून घेतलं, तारीख घालून.

आणखी एक गोष्ट तिच्या बोलण्यातून लक्षात आली. 'तिला दिवस गेले.' 'पोट राहिलं.' 'पाय जड झाले.' गरोदर राहण्याची आपली सगळी क्रियापदं बघा. दिवस जातात, पोट राहतं, पाय जड होतात. कर्त्याच्या जागी दिवस आहेत, पोट आहे, पाय आहेत. पुरुष वाक्यातसुद्धा आलेला नाही, दामल्यासारखा. 'वाकडं पाऊल पडलं' म्हणताना पाऊलही तिचंच. ती मालकाच्या पोराची, खळीवाल्याची कादंबरी म्हणून मला पूर्ण फालतू म्हणवत नाही. पाचशे भाग का होईना, तिच्यात तो बाप रोज हजर असतो, रडतो, माफी मागतो, कर्ता होतो. माझ्या शेजारच्या सीटवरच्या पोरी पहाटे उठून, डबे भरून, धावत गाडी पकडून ते वाचतात, ते खळीसाठी नसावं.

कादंबरी दिवाळीच्या आधी संपली. लग्न झालं. बँकवाली आणि रिसेप्शनवाली दोघींनाही शेवट आवडला, वेगवेगळ्या कारणांनी. काकूंनी शेवटचे भाग वाचलेच नाहीत, त्यांना कंटाळा आला होता.

दिवाळीत मावशी शहापूरला आमच्याकडे आली तेव्हा मी तिला चकल्या तळता तळता 'शांतता!'ची गोष्ट सांगितली. तिने नाटक पाहिलेलं नाही. कडीत सापडलेलं बोट, पोपट, सामंतची साक्ष, टिक ट्वेंटी, निकाल, सगळं सांगितलं. शेवटी मंडळी खऱ्या प्रयोगाच्या तयारीला निघून जातात, बाहेर प्रेक्षक जमलेले असतात, बेणारे तिथेच पडून असते. सामंत हळूच येतो, तिच्याकडे बघतो, तो हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि जातो.

मावशी झारा हातात धरून थांबली. "एवढंच? स्टेशनपर्यंत तरी सोडलं का तिला त्याने?"

"नाही. पोपट ठेवला आणि गेला."

तिने घाणा काढला, तेल निथळू दिलं. मग विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता होती?"